उरलेले नऊ टेक

मावशीचा डावा कान साठ वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही गेलं. त्याबद्दल ती फारशी बोलत नसे. शिवणकाम करणाऱ्या बाईला एक कान पुरतो, एवढंच म्हणायची. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक मशीन, एक इस्त्री, एक लांब टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या लोकांच्या पँटी. पोट सुटलेल्यांच्या कमरा सैल करायच्या, दुखण्यातून उठलेल्यांच्या आवळायच्या, असं तिचं काम. गिऱ्हाईक डाव्या बाजूने बोललं की ती सगळी मान वळवायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई किती लक्ष देऊन ऐकते.

तिच्याजवळ तिची भाची राहत होती. बहीण गेली तेव्हापासून दोघीच एकमेकींना. भाची चाळिशीची, तोंडाने फटकळ, आणि गावातल्या जुन्या थिएटरच्या तिकीट खिडकीत बसणारी. या थिएटरला अलीकडे अवकळा आली होती. नवा सिनेमा लावायचा तर वितरकाच्या नाकदुऱ्या काढायच्या, आणि एवढं करून सिनेमा आणला तर लोक घरीच फोनवर बघून मोकळे. सातशे खुर्च्यांमध्ये बारा डोकी. भाची खिडकीत बसून चक्क लोकर विणायची.

मग मॅनेजरला एक युक्ती सुचली. सिनेमा साठ वर्षांचा झाला की त्यावरचा हक्क संपतो. मालक राहत नाही, परवानगी लागत नाही, कुणीही उचलावा आणि लावावा. दर वर्षाच्या पहिल्या तारखेला एका वर्षाचे सगळे सिनेमे असे मोकळे होतात. "फुकट ते पौष्टिक," मॅनेजर म्हणाला, आणि त्याने रविवारी दुपारी चारचा खेळ जुन्या सिनेमांना देऊन टाकला.

पहिला महिनाभर म्हातारी माणसं आली. वीस-पंचवीस. घरून चहा आणायची, मध्यंतरापर्यंत रडायची आणि मध्यंतरानंतर झोपायची. पाचव्या रविवारी कॉलेजातलं एक टोळकं आलं. बाहेर ऊन होतं आणि आत एसी होता, एवढंच कारण. दहा मिनिटांत ती पोरं पडद्याशी बोलायला लागली. नायकाच्या मिशीला नाव ठेवलं, नायिकेच्या रडण्याला ताल धरला, खलनायकाला घड्याळात किती वाजले ते विचारलं. हळूहळू बाकीचेही हसायला लागले. एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर आले आणि म्हणाले, आम्ही काही बघायचं की नाही. मॅनेजरने त्यांना अदबीने तिकिटाचे पैसे परत केले. ते पुन्हा आले नाहीत. पोरं मात्र पुढच्या रविवारी चाळीस होती, त्याच्या पुढच्या रविवारी दोनशे.

मॅनेजर मूर्ख नव्हता. लोकांना सिनेमा बघायचा नाहीये, लोकांना सगळ्यांनी मिळून कुणालातरी हसायचंय, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि ते काही घरी एकट्याने फोनवर जमत नाही. त्याला थिएटरच लागतं. त्याने संवाद छापून दारात वाटायला सुरुवात केली. कुठे ओरडायचं, कुठे शिट्टी मारायची. मालक नसलेला सिनेमा, कापा, उलटा फिरवा, चार वेळा दाखवा, विचारणारं कोण. शेजारच्या गावातल्या थिएटरवाल्यांनी येऊन पाहिलं आणि तेही तेच करायला लागले. भाचीची लोकर मागे पडली.

एका रविवारी ती घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, "मावशी, पुढच्या आठवड्यात तुझा सिनेमा लागतोय."

मावशी कुणाच्यातरी कोटाची शिवण उसवत होती. ती थांबली नाही. "माझा कुठला सिनेमा."

"तो. ज्यात तू मार खातेस."

मावशी सतरा वर्षांची असताना एका सिनेमात घरकाम करणाऱ्या मुलीचं काम तिला मिळालं होतं. काम साडेतीन मिनिटांचं. नायकाची चिठ्ठी हरवते, त्याला वाटतं हिने चोरली, आणि तो हिच्या थोबाडीत देतो. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं, 'आणि इतर' होतं. दिग्दर्शकाला खोटी थप्पड चालत नव्हती. अकरा टेक झाले. अकराही वेळा थप्पड खरी होती. सातव्यानंतर कानात शिट्टी वाजायला लागली आणि अकराव्यानंतर ती शिट्टीही बंद झाली. मधल्या वेळात नायक चहा पीत होता. आठव्यानंतर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "हिचा गाल दगडाचा आहे राव, माझाच हात सुजला." सगळे हसले होते. लाइटवाले, मेकअपवाले, चहा देणारासुद्धा. पुढे दोन ठिकाणी तिला कामं मिळाली, पण मागून दिलेली सूचना तिला ऐकू येईना. मग कुणी बोलावलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा ती एकदाच बघायला गेली होती, कानात कापूस घालून. त्या थपडेला शेजारच्या बायकांनी डोळे पुसलेले तिने पाहिले होते. तेवढ्यावर तिने साठ वर्षं काढली. कान गेला, पण कामाला आला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. नंतर निर्मात्याच्या वारसांचं आपसांत फाटलं आणि सिनेमा कुलपात गेला. कुणाला बघायलाच मिळाला नाही, म्हणून विसरायलाही कुणी नव्हतं.

"मी मॅनेजरला सांगितलं, ती मुलगी म्हणजे माझी मावशी," भाची म्हणाली. "तो तर खुर्चीतून उठलाच. म्हणाला, घेऊन या."

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड वाजवायला," मावशी म्हणाली. पण शनिवारी तिने स्वतःच्या निळ्या कोटाला नवीन बटणं लावली.

रविवारी मॅनेजरने तिला शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं. हॉल खच्चून भरलेला. सिनेमा सुरू झाला तसा गोंगाटही सुरू झाला. मावशीने उजवा कान पडद्याकडे केला, तरी एक शब्द समजेना. मग तो प्रसंग आला. पडद्यावर ती मुलगी हातात पेला घेऊन आत आली, आणि हॉल एकदम गप्प झाला. मावशीला वाटलं, बघा, अजूनही.

नायकाचा हात उठला. त्याच क्षणी सातशे माणसांनी मिळून एक टाळी वाजवली. ती टाळी म्हणजे थप्पड. मग जो हशा उसळला त्याने खुर्च्या हलल्या. "परत, परत," लोक ओरडले, आणि आपरेटरने परत दाखवलं. सातशे जणांनी परत मारली. मुलीचं तोंड एका बाजूला फिरायचं आणि ती डोळे मोठे करून समोर बघायची, जणू कुणीतरी तिला कोडं घातलंय. त्या बघण्यालाच लोक सगळ्यात जास्त हसत होते. सहा वेळा दाखवलं, शेवटी अगदी सावकाश.

त्या सावकाश चालीत मावशीला तो चाप दिसला. मुलीच्या केसांत डावीकडे एक पांढरा चाप होता.

तिचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. तो चाप तिसऱ्या टेकला तुटून पडला होता. पुढचे सगळे टेक चापाशिवाय झाले होते, हे तिला स्वच्छ आठवत होतं, कारण चाप बहिणीचा होता आणि घरी गेल्यावर त्यावरून बोलणी खावी लागली होती. म्हणजे सिनेमात घेतलेला टेक पहिला होता, नाहीतर दुसरा. पुढचे नऊ कुणी वापरलेच नव्हते. कान सातव्याला जायला लागला होता. तो कशाच्याच कामाला आला नव्हता.

ती हे मनात मोजत असतानाच दिवे लागले आणि मॅनेजर माईक घेऊन स्टेजवर आला. "ज्यांनी ही थप्पड खाल्ली, त्या आज आपल्यात आहेत," तो म्हणाला. भाचीने मावशीला दंडाला धरून पुढे नेलं. हॉल उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, फोनचे दिवे. साठ वर्षांत कुणी तिच्यासाठी उभं राहिलं नव्हतं. तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिला आवरेना. एका पोरीने पुढे येऊन विचारलं, "आजी, लागलं होतं का हो?" मावशीने माईक हातात घेतला आणि म्हणाली, "सांगते. पण आधी तुमच्यातल्या कुणीतरी खाऊन बघा." हॉल हसून कोसळला. लोकांना हसवायला आपल्याला जमतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मॅनेजर दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. टांगलेल्या पँटी बाजूला सारत स्टुलावर बसला.

"मावशी, तो अजून आहे."

"कोण?"

"नायक. पंच्याऐंशीचा आहे. मुलाच्या घरी असतो, पुलापलीकडे. मुलगा नोकरीला परदेशात, सून सांभाळते. मी फोन केला होता. तुम्ही दोघं एका स्टेजवर आलात तर लोक दारं तोडतील. तुम्ही त्याला एक हळूच चापट मारायची, फिटंफाट. कशी आहे कल्पना?"

"त्याला काय वाटेल?"

"त्याला काही वाटत नाही. डोक्याची पाटी कोरी झालीय त्याची."

मावशीने सुईत दोरा ओवला. तिचा हात अजून स्थिर होता, याचा तिला अभिमान होता. "आधी बघून येते," ती म्हणाली.

मॅनेजर तिला पुलापलीकडे घेऊन गेला. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सुनेने दार उघडलं. पन्नाशीची, ओढलेल्या चेहऱ्याची बाई. हातात ओला टॉवेल होता. खोलीत औषधांचा आणि फिनाइलचा वास. म्हातारा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती लाळेसाठी फडकं, पण दाढी घोटलेली आणि केस नीट विंचरलेले. पडद्यावरची मिशी आता नव्हती. मावशीला बघून त्याने उठण्यासारखं केलं.

"बसा बाई," तो म्हणाला. आवाज तोच होता, भरदार. "तुमचा मेकअप झाला का?"

"मला ओळखलंत?" मावशीने विचारलं.

"ओळखलं ना. आज गर्दीचा सीन आहे."

मॅनेजरने फोन काढला आणि तो प्रसंग लावून म्हाताऱ्यापुढे धरला. म्हातारा वाकून बघू लागला. थप्पड बसली. तो दचकला.

"हा कोण माणूस?"

"तुम्हीच, बाबा," सून म्हणाली.

"छे. मी असं करणार नाही. केवढीशी मुलगी आहे. तिथे एवढी माणसं उभी आहेत, कुणी थांबवत का नाही त्याला?" फोनवर तो तुकडा पुन्हा सुरू झाला. म्हाताऱ्याने बोट पुढे केलं आणि काचेवर मुलीच्या गालावरून फिरवलं. "लागलं का गं तुला?" तो म्हणाला.

सुनेने टॉवेल पिळला. मॅनेजर तेवढ्यात मावशीच्या चांगल्या कानाशी पुटपुटला, "हे असंच स्टेजवर बोलला तर सोन्याहून पिवळं."

मावशी त्या बोटाकडे बघत होती. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी असं विचारायला हवं होतं. आत्ता विचारणाऱ्याला आपण काय विचारतोय हेच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, हा निसटला. केलं सगळं, आणि वर साळसूदपणे निसटला.

"यांना नेलं तर तुम्हाला चालेल?" तिने सुनेला विचारलं.

"मला दोन तास पाय पसरून बसता येईल," सून म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का मावशी, हे शहाणे होते ना, तेव्हाचं आमच्या सासूबाईंना विचारायला हवं होतं. त्या गेल्या. नाहीतर मी त्यांनाही पाठवलं असतं तुमच्याबरोबर."

"मग ठीक," मावशी मॅनेजरकडे वळून म्हणाली. "नऊ रविवार."

"नऊ कशाला? एकात काम होईल."

"अकरा टेक झाले होते. दोन सिनेमाच्या खाती गेले असं धरते. नऊ उरतात."

मॅनेजर हसला. मग ती हसत नाहीये हे बघून थांबला. "नऊ तर नऊ," तो म्हणाला. "गाडी पाठवतो. तीनला तुम्ही, वाटेत त्यांना घ्यायचं."

पहिल्या रविवारी पोस्टर लागलं होतं आणि बाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. पडद्यावरची थप्पड झाली, दिवे लागले, आणि स्टेजवर चाकाची खुर्ची आली. म्हाताऱ्याला कोट-टाय घातला होता. लोकांना बघून त्याने सवयीने हात वर केला. टाळ्या ऐकून त्याचा चेहरा उजळला. "हाउसफुल?" त्याने मॅनेजरला विचारलं, आणि ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. तिने हळूच मारली, गालाला बोटं लागतील एवढीच. हॉल नाराज झाला. "ऐकू नाही आली," कुणीतरी मागून ओरडलं. मग सगळेच म्हणायला लागले, ऐकू नाही आली, ऐकू नाही आली.

मावशीने हात मागे नेला. आयुष्यभर जाड कापड कापलेला तो हात होता. या वेळची थप्पड शेवटच्या रांगेपर्यंत गेली. म्हाताऱ्याची मान एका बाजूला फिरली, आणि मग त्याने डोळे मोठे करून समोर बघितलं, कुणीतरी कोडं घातल्यासारखं. लोकांना ते बघणं ओळखीचं होतं. हॉलमध्ये असा हशा झाला की मॅनेजरला दोन मिनिटं बोलता येईना.

खाली उतरताना म्हातारा तिला म्हणाला, "माझं काही चुकलं का बाई?"

"चालू द्या," मावशी म्हणाली. "पहिला टेक झाला."

दुसऱ्या रविवारी तो विसरला होता. हात वर केला, हाउसफुल विचारलं, मार खाल्ला. तिसऱ्याला शेजारच्या गावांतून लोक आले. बाहेर तिच्या फोटोचे बनियन विकायला आले, गालावर पाच बोटं छापलेले. रस्त्यात लोक तिला थांबवून फोटो काढायचे आणि म्हणायचे, मावशी, मला एक मारा ना. ती मारायची. दुकानात कपडे साचायला लागले. गिऱ्हाइकांना ती म्हणायची, पुढच्या आठवड्यात या, माझं शूटिंग आहे.

चौथ्या रविवारी गाडी थिएटरच्या दाराशी आली आणि म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी गाडीचं दार घट्ट धरलं. त्याला कारण सांगता येईना. नुसतं "नको" म्हणत होता. ड्रायव्हरने एकेक बोट सोडवलं. त्या दिवशी स्टेजवर त्याने हात वर केला नाही. मावशी जवळ आली तसा तो खुर्चीत मागे मागे सरकला, आणि खुर्चीला मागे जागा नव्हती. ते लोकांना भारीच आवडलं. मॅनेजरने खुर्चीची चाकं मोकळी ठेवायला सांगितली. पाचव्या आणि सहाव्या रविवारी मावशी त्याच्या मागे स्टेजभर फिरली.

सहाव्याला घरी आल्यावर भाचीने जेवणाचं ताट टेबलावर आपटलं.

"बस झालं आता, मावशी. त्याला काही आठवत नाही."

"मग दार का धरतो?"

"अंगाला आठवतं म्हणून. कुत्र्यालाही आठवतं. तू काय मिळवतेस त्याच्यात?"

"तूच मला तिथे नेलंस."

"लोकांनी तुला टाळ्या द्याव्यात म्हणून नेलं."

"देतायत की," मावशी म्हणाली. "तीन राहिले."

"आणि त्याने मारलं तेव्हा हसले होते, ते कोण होते गं? लाइटवाले, चहावाले. तूच सांगितलं होतंस मला एकदा. आता मी खिडकीत बसून त्यांनाच तिकिटं देते."

मावशीने डावा कान तिच्याकडे केला आणि जेवायला सुरुवात केली. हा तिचा जुना उपाय होता.

नवव्या रविवारी तिने निळा कोट घातला. हॉल भरलेला होता, बाजूच्या पायऱ्यांवरही लोक बसले होते. मॅनेजरने शेवटचा खेळ म्हणून ढोल-ताशासारखं काहीतरी रेकॉर्डवर लावलं. म्हातारा आज सरकला नाही. चाकं मोकळी होती, तरी खुर्ची जागच्या जागी राहिली. मावशी समोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि मान वळवून गाल पुढे केला. गळ्यातल्या लाळेच्या फडक्याची गाठ मध्ये येत होती, तीसुद्धा हाताने बाजूला केली, तिला सोयीचं व्हावं म्हणून.

लोक हसायला तयार होते, पण हसू फुटेना. कुणीतरी एकटाच हसला आणि थांबला. मावशीचा हात वर होता. एवढ्या शांततेत तिला पहिल्यांदाच त्याचा श्वास ऐकू आला, धापा टाकल्यासारखा.

तिने मारली. चांगली जोरात मारली. नऊ म्हणजे नऊ.

टाळ्या झाल्या, पण पावसाच्या चार थेंबांसारख्या. लोक उठून दारांकडे निघाले. "शेवटाला मजा नाही आली," असं एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, ती मावशीच्या उजव्या बाजूने जात होती.

पुढच्या रविवारी दुसरा सिनेमा लागला. त्यात एक लठ्ठ माणूस विहिरीत पडतो, आणि तो पडताना लोक हॉलमध्ये पाण्याचे फुगे फोडायचे. मावशी दोन वेळा मॅनेजरला भेटायला गेली. काहीतरी नवं करू, म्हणाली. पडद्यावरची थप्पड सुरुवातीला तरी दाखवा. मॅनेजरने तिला चहा पाजला, आणि फोन आला म्हणून उठून गेला. खिडकीतून भाचीने सगळं पाहिलं.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याची सून दुकानात आली. बसली नाही.

"ते जेवत नाहीत," ती म्हणाली. "चमचा घेऊन जवळ गेलं की डोळे मिटतात आणि गाल पुढे करतात. तोंड उघडतच नाहीत. मी म्हणते बाबा, जेवण आहे, तर गाल आणखी पुढे. दाढी करता येत नाही, तोंड पुसता येत नाही. माझी कंबर मोडली. हे तुम्ही करून ठेवलंय, तुम्हीच निस्तरा."

"तुम्हीच म्हणाला होतात, घेऊन जा."

"हो, म्हणाले होते. माझं मला माहितीय. या तुम्ही."

मावशी गेली. रोज दुपारी एकला जायला लागली. मऊ भात वाटीत घेऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसायची. तिचा हात उठला की त्याचे डोळे मिटायचे. ती हात खाली ठेवून वाट बघायची. डोळे उघडले की पुन्हा हात, पुन्हा तेच. खालून चमचा नेऊन बघितला, मागून नेऊन बघितला, भाचीच्या सांगण्यावरून एकदा हातमोजा घालून बघितला. तासाभरात चार चमचे पोटात जायचे. कधी ती चिडून म्हणायची, "नाही मारत, म्हणतेय ना," आणि तो समजूतदारपणे मान हलवून गाल पुढे करायचा. एकदा त्याने डोळे मिटलेले असतानाच विचारलं, "अजून किती राहिलेत?" मावशी म्हणाली, "संपले." तो म्हणाला, "बरं," आणि गाल तसाच ठेवला.

सून दुसऱ्या खोलीत पाय पसरून बसलेली असायची. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय, म्हणाले.

सातव्या आठवड्यात तो गेला. सकाळीच गेला, म्हणून मावशी एकला गेली तेव्हा खाट रिकामी होती आणि खिडक्या उघडल्या होत्या. सून चादरी भिजवत होती. रडत नव्हती, तिच्या हालचालींना जरा वेग आला होता एवढंच. "तुमची वाटी स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली. मावशीने वाटी घेतली आणि पुलावरून चालत घरी आली. दुकान उघडलं, पण मशीनवर बसली नाही. साचलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत टेबलाला टेकून उभी राहिली. भाचीने चहा करून ठेवला होता.

"तुला वाईट वाटतंय?" भाचीने विचारलं.

"मला कळत नाही," मावशी म्हणाली. ते खरं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होता. बातमी त्याला कळली होती, आवाज पडलेला होता. फार मोठा कलाकार गेला, म्हणाला. मग म्हणाला, या रविवारी तोच सिनेमा श्रद्धांजली म्हणून पुन्हा लावतोय. लोक आत्तापासून विचारतायत. मावशींनी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलावेत. थप्पड पडद्यावर होईलच, स्टेजवर रिकामी खुर्ची ठेवू. बाकी त्यांना जे सुचेल ते.

मावशीने फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरला होता.

"हॉल भरेल का?" तिने विचारलं.

भाचीने हातातला कप खाली ठेवला.

"भरेल की," मॅनेजर म्हणाला. "गाडी नेहमीसारखी तीनला पाठवू ना?"

मावशीने जरा विचार केला. "साडेतीनला पाठवा," ती म्हणाली. "आता वाटेत कुणाला घ्यायचं नाहीये."